शेवटच्या प्रकरणाला लावलेली खळ

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी चोपन्न पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणाला खळ लावून ते बंद करून टाकलं होतं. वर्गातल्या मुलांना सांगितलं, गंमत आहे. प्राचार्यांना सांगितलं, शिकवण्याची नवी पद्धत आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भुताची नव्हे; नाशिक रोडच्या छापखान्यात काम करणाऱ्या, शांत बोलणाऱ्या एका गृहस्थांची. ही सगळी हकीकत सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण ती सांगताना आधी एक कबुली द्यावी लागते. ती योग्य जागी देईनच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दहावीनंतर अकरावी-बारावी ही नवी रचना तेव्हा कुठे अंगवळणी पडत होती. नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडच्या एका कॉलेजात मी बारावी कला शाखेला इंग्रजी शिकवायला लागले. वय तेवीस, उंची बेताची, आणि मूळची सटाण्याकडची असल्यामुळे घाईत बोलले की अहिराणी हेल यायचा. पहिल्या दिवशी शिपाई नामदेवनं मला विद्यार्थिनी समजून फळ्यासमोरून उठवलं होतं.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. बारावीच्या इंग्रजीला पाठ्यपुस्तक असतंच, पण त्याच्या जोडीला एक आख्खी कादंबरी असायची, थोडी सोपी करून छापलेली. तिला म्हणायचे रॅपिड रीडर, म्हणजे भराभर वाचायचं पुस्तक. ते कुणीच वाचायचं नाही, भराभर तर नाहीच. मुलं गाईड घ्यायची. गाईडमध्ये प्रत्येक प्रकरणाचा सारांश, पात्रांचे स्वभाव आणि अपेक्षित प्रश्नांची उत्तरं असायची. आमचे विभागप्रमुख दातार सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बच्छावबाई, बारावीला कादंबरी शिकवायची नसते. सोडवायची असते."

त्या वर्षीची कादंबरी होती जुनी इंग्रजी, भयकथेच्या जातीची. तिचं नाव सांगत नाही. ज्यांनी ती तेव्हा अभ्यासली त्यांना आठवेल. या जातीच्या कादंबऱ्यांना गॉथिक म्हणतात. त्यात एक भलंमोठं एकाकी घर लागतं, एक बंद दालन लागतं, घराचा मालक काहीतरी लपवत असावा लागतो आणि या सगळ्यात सापडायला एक गरीब, हुशार, एकटी मुलगी लागते. आमच्या कादंबरीतली मुलगी होती मिस हार्विन. ती एका उमरावाच्या वाचनालयातली पुस्तकं लावायला येते. घराच्या पूर्वेकडच्या बंद मनोऱ्यात एक घंटा असते. ती वाजली की त्या घराण्यातलं कुणीतरी मरतं. मनोऱ्याची किल्ली असते ग्रिम्स नावाच्या म्हाताऱ्या बटलरकडे.

जून गेला, जुलै आला, तरी पुस्तकं दुकानात नव्हती. गाईडं मात्र ढिगानं होती. मग मुलांना गाईड उघडायची बंदी घालून मी स्वतः मात्र गाईडवरूनच गोष्ट सांगायला लागले. आता नुसता सारांश सांगायचा तर दहा मिनिटांत संपतो. मी काय केलं, त्यात माझ्या पदरचा वारा घातला, दारं करकरवली, जिने चढवले. मला फार मजा यायला लागली. मुलांना तर विचारूच नका.

मखमलाबादचा काशिनाथ पहाटे मार्केटला भाजी उतरवून तसाच वर्गात यायचा आणि सहसा झोपायचा. तो जागा राहायला लागला.

"मॅडम, त्यो बटलर म्हंजे कोन? सालदार का?"

"सालदारच, पण शेतावरचा गडी नव्हे, घरातला. कोट घालणारा."

"आन् मूर म्हंजे?"

"उजाड प्रदेश. गवत, वारा..."

"म्हंजे आमच्याकडचं माळरान. मंग तसं सांगा ना!"

आठवडाभरात ग्रिम्सचा गिरमेमामा झाला आणि मिस हार्विनची हार्वीणबाई झाली. दोन बाकांवरच्या मुली मधल्या सुट्टीत पैज लावू लागल्या की उद्या कोण मरणार. शेजारच्या तुकडीतली मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची. त्या तुकडीला दातार सर शिकवत. ती मुलं त्यांच्याच तासातून पळून येत, आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, आनंद होत होता.

माझी आई सटाण्याहून आली होती. रात्री तिला ही गोष्ट ऐकवली तर ती डोक्याला हात लावून म्हणाली, "तू पोरेसले भूत शिकाडस का?" मी हसले. पण नेमका हाच प्रश्न घेऊन तिसऱ्या दिवशी पुंडलिक पगारे कॉलेजात आले.

त्यांची मुलगी सुजाता माझ्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची, बोलायची कमी, लिहायची फार. पगारे छापखान्यात तपासनीस होते. पोस्टाच्या तिकिटांचे छापलेले मोठे ताव त्यांच्यापुढे येत आणि त्यातला दोष ते शोधून काढत. एखाद्या तिकिटावर रेष तुटली, रंग केसभर सरकला, की तो ताव बाद. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन्सिल. स्टाफरूममध्ये ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"जय भीम मॅडम. सुजाताचे वडील. एक विचारायचंय. तुम्ही वर्गात भुतं शिकवता?"

मी म्हटलं, "कादंबरी आहे ती. अभ्यासक्रमाला आहे."

"असेल. पण घरी माझी धाकटी संध्याकाळी नळावर जाईना झालीय. घंटा वाजते म्हणते. मॅडम, आमच्या घरात हे बंद झालेलं आहे. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हाच देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर गेली." मग तितक्याच शांतपणे म्हणाले, "त्याच्या आधी माझी मोठी बहीण तापानं आजारी होती. तिला बाहेरचं लागलंय असं ठरलं. भगतानं कडुलिंबाच्या फोकांनी झोडपलं तिला. दवाखाना दोन कोसांवर होता. ती गेली. म्हणून विचारतो. शेवटी त्या पुस्तकात भूत निघतं का? निघत असेल तर मुलीला मी इथून काढतो. टायपिंगच्या क्लासला घालतो."

दातार सर वर्तमानपत्राआडून ऐकत होते. मी गाईड पूर्ण वाचलेलं होतं. गाईडमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की घंटा ग्रिम्स वाजवत असतो, उमरावाच्या कुटुंबाला घाबरवून घर बळकावण्यासाठी. आणि शेवटी तो कबुली देतो.

"निघत नाही," मी म्हटलं. "माणूसच निघतो. उलट हे पुस्तक अंधश्रद्धेच्या विरुद्धच आहे म्हणा ना. मी तुम्हाला शब्द देते."

"शब्द देता?"

"देते."

त्यांनी मान डोलावली. "मग मला ते ऐकायचंय. दुसरी पाळी असली की सकाळी मी मोकळा असतो. मागं बसलो तर चालेल?"

प्राचार्य म्हणाले, पालकांनी वर्गात बसावं असा नियम नाही. पगारे म्हणाले, बसू नये असा आहे का? प्राचार्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. तसाही नव्हता.

पुस्तकं आली गणपतीनंतर. कॉलेजनंच एकगठ्ठा मागवली होती. मी एक प्रत घरी नेली आणि एका बैठकीत वाचून काढली. गाईडमध्ये होतं तसंच एकोणिसाव्या प्रकरणात ग्रिम्स कबुली देतो, जिन्यावरून पडतो आणि मरतो. मी पुस्तक मिटणार, तर पुढे अजून पानं. विसावं प्रकरण. गाईड लिहिणाऱ्या महाशयांनी ते वाचलेलंच नव्हतं! एकोणिसाव्यातच सगळं उलगडलं, म्हणून त्यांनी तिथेच पेन ठेवलं असावं.

विसाव्यात ग्रिम्सला पुरून सगळे परत येतात. त्या रात्री घंटा वाजते.

मिस हार्विन दिवा घेऊन मनोऱ्यात चढते. घंटेला दोर नाही. घंटेवर वर्षानुवर्षांची धूळ, बोटाचा ठसासुद्धा नाही. ती खाली उतरू लागते आणि तिच्या पाठीमागे घंटा पुन्हा वाजते. कादंबरी संपली.

ही माझी कबुली. मी न वाचलेल्या पुस्तकाबद्दल एका माणसाला शब्द दिला होता. तोही अशा माणसाला, ज्यानं स्वतःच्या बहिणीची गोष्ट सांगून तो मागितला होता.

सरळ जाऊन सांगायला हवं होतं. आज वाटतं, त्यात काय अवघड होतं? पण तेवीस वर्षांच्या नव्या मास्तरणीला "मी वाचलं नव्हतं" हे वाक्य किती जड असतं ते तिलाच ठाऊक. शिवाय सुजाता जाईल ही धास्ती होतीच. सकाळी मी नामदेवला गाठलं.

"नामदेव, खळ करता येते का?"

"किती मॅडम? पतंगाची की पोस्टरची?"

"चोपन्न पुस्तकांची."

त्यानं मैदा शिजवला. आम्ही दोघांनी दुपारभर बसून प्रत्येक पुस्तकाची शेवटची नऊ पानं कडेनं चिकटवली, त्यावर कागदाची पट्टी लावली आणि पट्टीवर मी सही केली. दातार सरांनी डोकावून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मुलांची उत्सुकता टिकवण्यासाठी, सर." ते म्हणाले, "उत्सुकतेवर गुण नसतात," आणि चहाला गेले. त्यांच्या तुकडीची पुस्तकं उघडीच होती. पण तिकडून शेवट फुटण्याचा धोका मुळीच नव्हता. तिकडे पुस्तक कुणी उघडतच नव्हतं.

माझा अंदाज होता की मुलं दोन दिवसांत पट्ट्या फाडतील, बभ्रा होईल, आणि मग जे व्हायचं ते आपोआप होईल. झालं उलटंच. पट्टी हा इभ्रतीचा प्रश्न झाला. वर्गानं आपापसांत ठरवलं की जो फोडेल त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. दर सोमवारी दोन मुलं सगळ्यांच्या पट्ट्या तपासायची. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तकं घरी गेली आणि एकूण एक पट्ट्या शाबूत परत आल्या. फक्त खळीला झुरळं लागली. चारपाच जणांच्या शेवटच्या पानांचे कोपरे त्यांनी खाल्ले. काशिनाथ म्हणाला, "झुरळांला ठावं हाय मॅडम, शेवट काय हाय त्ये."

आणि वर्ग! शिकवण्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांत मला तसा वर्ग मिळाला नाही. ज्यांना इंग्रजीतलं साधं पत्र लिहिता येत नव्हतं, ती मुलं शब्दकोश घेऊन भांडायला लागली. एका मुलीनं त्या घराचा नकाशा काढला. त्यात मनोरा चुकीच्या बाजूला होता म्हणून तिच्यावर सगळे तुटून पडले आणि तिनं दुसऱ्या दिवशी पान क्रमांकासहित पुरावा आणला. बरोबर तीच होती.

पगारे एक आठवडा आड यायचे. मागच्या बाकावर काशिनाथशेजारी बसायचे, पेन्सिल हातात. पहिले दोन तास गप्प. तिसऱ्या तासाला त्यांचा हात वर झाला.

"मॅडम, या गावात पोलीस पाटील नाही का?"

"असेल, पण पुस्तकात नाही."

"तीन माणसं मेली. पंचनामा नाही, चौकशी नाही. बाईला एकटीलाच फिरवताय नुसतं."

वर्ग खो खो हसला. तेही हसले, पण पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलं. पुढं पुढं तर मुलं त्यांची वाट बघायला लागली. प्रत्येक घंटेनंतर ते विचारायचे, "त्या वेळी गिरमे कुठं होता?" मग चोपन्न जण पानं उलटून गिरमेमामाला शोधायचे. अकराव्या प्रकरणात घंटा वाजते तेव्हा गिरमेमामा स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर चांदी पुसत असतो. हे सुजातानं शोधलं. पगारे म्हणाले, "मग दुसरा हात आहे." मी घाईनं पान उलटलं. मी म्हटलं, "पुढे बघू."

अशा वेळी सांगून टाकायला किती जागा होत्या! प्रत्येक वेळी वाटायचं, आज नको, आज वर्ग किती खुशीत आहे.

मी शेवटच्या प्रकरणाचा दिवस मुद्दाम पगारेंच्या पहिल्या पाळीचा निवडला. ते कामावर असणार, येणार नाहीत. सुजाता घरी काय सांगेल ते नंतर बघू. त्या सकाळी मी वर्गात शिरले तर मागच्या बाकावर पांढरा कडक शर्ट.

"तुमची पहिली पाळी ना आज?"

"सुट्टी टाकली," पगारे म्हणाले. "वर्षातली पहिलीच."

पट्ट्या फोडायला मुलांनी काय काय आणलं होतं! केसांच्या पिना, फूटपट्ट्या, दाढीचं पातं. काशिनाथनं द्राक्षं काढायची बाकदार कात्री आणली होती, तीच सगळ्या वर्गात फिरली. खळ सुटताना वर्गभर कर्र कर्र आवाज झाला आणि सगळे एकदम खिदळले.

मी वाचायला लागले. इंग्रजी वाक्य, मग मराठी. वाक्यागणिक खिदळणं ओसरत गेलं. ग्रिम्सला पुरतात. सगळे परत येतात. घंटा वाजते.

"आता वं?" काशिनाथ मोठ्यानं म्हणाला. "गिरमे तर मेला!"

मी वाचत राहिले. जिना, दिवा, वारा. दोर नाही. धूळ. ती उतरायला लागते. पाठीमागे घंटा. संपलं.

मग चोपन्न माना हळूहळू मागच्या बाकाकडे वळल्या. पगारे उभे राहिले होते.

"मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पुस्तकं आली त्या दिवसापासून."

"मला शब्द दिला तेव्हा?"

"तेव्हा..." मी टेबल धरलं. "तेव्हा मी पुस्तक वाचलंच नव्हतं. गाईड वाचलं होतं."

वर्गात एक विचित्र आवाज झाला. कुणीतरी हसू दाबत होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. सहा महिने "गाईड वाचाल तर बघा" असं बजावणारी मी! पगारे हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. जायला निघाले असावेत.

"नाना, थांबा." सुजाता उभी राहिली. वर्गात ती पहिल्यांदाच न विचारता बोलत होती. "मॅडम, दिवा विझलाय."

"काय?"

"दिवा. ती जिन्यावर असताना वाऱ्यानं विझतो. पानाच्या वरून आठवी ओळ. मग घंटेवरची धूळ तिला दिसली कशी?"

मी पुस्तकात बघितलं. सगळ्यांनी बघितलं. पानांचा सळसळाट झाला.

"चांदणं आसंल!" काशिनाथ ओरडला.

"चंद्र नाही. प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, चंद्र नसलेली रात्र. आणि चार रात्री ती झोपलेली नाही, हेही लिहिलंय. ती अंधारात वर गेली. तिनं हातानं चाचपलं असेल, किंवा काहीच केलं नसेल. पण तिनं धूळ बघितली नाही. घंटा वाजली असं ती एकटीच सांगते. दुसऱ्या कुणी ऐकल्याचं लिहिलंय कुठं? दाखवा."

पगारे बाकावर परत बसले. खिशातली पेन्सिल काढली, शेजारच्या काशिनाथचं पुस्तक ओढलं आणि एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत मोजायला लागले. सहा. सात. आठ.

"आहे," ते म्हणाले. "विझलाय. दोष आहे." आणि मग वीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा ताव माझ्यापुढं आला असता तर बाद केला असता!"

जो गलका उठला तो मला शब्दांत मांडता येणार नाही. निम्मा वर्ग म्हणत होता लेखकाची चूक, निम्मा म्हणत होता लेखकानं मुद्दाम केलं, बाई खोटं बोलते हे कळावं म्हणून. "खोटं नाही, तिला भास झालाय!" "भासात धूळ दिसते का?" "भासात तर हत्तीसुद्धा दिसतो!" काशिनाथ बाकावर चढला होता. "ते काय नाय! येवढं पाच म्हैने थांबलो! मला भूत पायजे! भूत हायेच!" त्याला खाली ओढायला दोघं, वर ठेवायला तिघं. मीही ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, बहुधा अहिराणीत.

नेमक्या त्याच क्षणी बाहेर व्हरांड्यात नामदेवनं तास संपल्याचा टोल दिला.

चोपन्न मुलं, एक पालक आणि एक शिक्षिका अशी सगळी एकदम किंचाळली. काशिनाथ बाकावरून पडला. मग जे हसू फुटलं! पगारे चष्मा काढून डोळे पुसत होते. प्राचार्य धावत आले, त्यांच्या मागे दातार सर. "काय झालं? काय झालं?" कुणालाच सांगता येईना. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी हसता हसता म्हणाली, "सर, घंटा वाजली!" आणि पुन्हा सगळे सुरू.

वर्ग रिकामा झाल्यावर पगारे व्हरांड्यात थांबले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझं चुकलं. मी शब्द द्यायला नको होता. आणि दिल्यावर इतके दिवस लपवायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, आणि मला ते आजही बरं वाटतं. चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मी पोरींना नेहमी सांगतो, कुणी सांगितलं म्हणून, कुठल्या ग्रंथात लिहिलंय म्हणून काही मानू नका. तपासा. पण तपासायला पुस्तक हातात तर पडायला पाहिजे. ते मी काढून घेणार होतो." मग खिशाची पेन्सिल नीट केली. "दिवा मलाही दिसला नव्हता, मॅडम. वीस वर्षं तपासतोय, आणि मी धुळीकडंच बघत बसलो."

"मलाही नाही दिसला," मी म्हटलं.

बोर्डाच्या परीक्षेत घंटेवर प्रश्नच आला नाही. ग्रिम्सवरही नाही. प्रश्न आला, उमरावाच्या घराभोवतालच्या बागेचं वर्णन करा. मुलं बाहेर आली तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नव्हते. काशिनाथ मात्र खुशीत होता. त्यानं त्या उजाड इंग्रजी बागेत मेथी, कोथिंबीर, टोमॅटो आणि झेंडूचे वाफे लावून ठेवले होते. परीक्षकांनी काय विचार केला असेल देव जाणे. काशिनाथ इंग्रजीत पास झाला.

सुजाताही चांगल्या गुणांनी पास झाली आणि बीएला गेली. निकालानंतरच्या रविवारी पगारेंनी मला दुपारी जेवायला बोलावलं. नाशिक रोडची कॉलनी, दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. सुजाताची आई, कमलताई, चुलीच्याच जोमानं स्टोव्ह चालवत होत्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "वरीसभर या दोघांनी डोकं उठवलं माझं. आता तुमीच सांगा बाई, काय गोष्ट हाय ती."

मी सांगायला लागले. तर सुजाता म्हणते असं नव्हतं, पगारे म्हणतात तसं नव्हतं. दोघं दोन बाजूंनी. मधेच धाकटी. दिव्यापर्यंत आलो तेव्हा भाजी गार झाली होती. कमलताई भाकरी थापता थापता सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "येवढी भ्याली तर ती बाई आपल्या घरी का नाय गेली निघून?"

"तिला घर नव्हतं, आई," सुजाता म्हणाली. "आईवडील नव्हते. कुणीच नव्हतं."

"मंग वाजनारच की घंटा," कमलताई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

पगारेंनी विचारलं, "हे कुठल्या पानावर आहे?"

"मला काय ठावं पान. मी लग्न होऊन इथं आले ना, तवा दोन म्हैने रोज पहाटे मला माहेरच्या आडाचा रहाट ऐकू यायचा. उठून बघायची, तर इथं नळ."

"मला कधी बोलली नाहीस," पगारे म्हणाले.

"तुमी म्हनला असता, अंधश्रद्धा हाय." त्या हसल्या आणि भाकरी उलटली.

पगारेंच्या हातातला घास हातातच राहिला. सुजाता माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे.

"रहाट," ते हळूच म्हणाले. "तो चिंचेखालचा? कुरकुरायचा तो?"

"त्योच," कमलताई म्हणाल्या. "घागर भरून वर येताना लय वाजायचा. रिकामी खाली जाताना नाय."